पाहुण्यांसाठी वायफाय: पासवर्ड काय राखतो आणि गेस्ट नेटवर्क काय राखते

पाहुण्याला घरच्या वायफायचा पासवर्ड सांगितला काय आणि गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे त्याच राउटरवर पाहुण्यांसाठी चालू करता येणाऱ्या वेगळ्या वायफायवर, घेतले काय, त्याच्या मोबाइलवर इंटरनेट सुरू होतेच. त्यामुळे दोन्हींत फरक नाही असा समज सहज होतो. पण पासवर्ड आत कोणी यावे हे ठरवतो आणि हवेतून जाणारी माहिती कूटबद्ध करतो, म्हणजे इतरांना वाचता येऊ नये अशी बदलतो. आत आलेल्याने कुठवर फिरावे याच्याशी त्याचा संबंध नसतो. मुख्य नेटवर्कवर घेतलेला मोबाइल त्यामुळे प्रिंटर, सीसीटीव्ही कॅमेरा आणि राउटरच्या लॉगिन पानापर्यंत पोहोचू शकतो. शिवाय डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत, घरगुती वापरात, सर्वांचा पासवर्ड एकच असतो, म्हणून तो ठाऊक असलेला जाणकार दुसऱ्याचे उपकरण जोडले जात असतानाचे संदेश टिपून पुढची देवाणघेवाण उलगडू शकतो. २०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए३ या पुढच्या पद्धतीने ही वाट बंद केली.

गेस्ट नेटवर्कचे काम विलगीकरणाचे आहे. त्यावरील उपकरणांना इंटरनेट मिळते, घरातील उपकरणे मात्र दिसत नाहीत. आणि हे विलगीकरण पासवर्डवर अवलंबून नसल्याने गेस्ट नेटवर्क पूर्ण खुले ठेवले तरी ते टिकते. तेव्हा हवेतील कूटबद्धता तेवढी जाते. एन्हान्स्ड ओपन ही खुल्या वायफायसाठीची पद्धत ती पासवर्डाविना परत आणते, पण समोरचे नेटवर्क खरे की त्याच नावाचे बनावट, हे तीही सांगत नाही.

विलगीकरण गृहीत मात्र धरू नये. इंटरनेट कंपनीने बसवलेल्या राउटरमागे आपला दुसरा राउटर निव्वळ ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे त्याच नेटवर्कचे वायफाय पुढे पुरवण्यापुरता, लावला असेल, तर त्यावरचे गेस्ट नेटवर्क अनेकदा नावापुरतेच उरते. गेस्ट नेटवर्कवरून राउटरचे लॉगिन पान किंवा प्रिंटरचा पत्ता उघडून पाहावा; उघडलाच, तर ते वेगळे झालेले नाही.

एका बाबतीत दोन्ही सारखेच दुबळे आहेत. पाहुण्याने काहीही केले तरी बाहेरच्या जगाला जोडणी घेतलेल्या ग्राहकाचाच आयपी पत्ता (इंटरनेटवरील जोडणीची ओळख) दिसतो. जुलै २००८ मध्ये अहमदाबाद स्फोटांच्या आधी पाठवलेला ईमेल नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरातील असुरक्षित वायफायवरून गेला होता आणि तपास प्रथम त्या घरातील रहिवाशापर्यंत पोहोचला. त्यामुळे आपल्याकडे गेस्ट नेटवर्क चालू करून त्यालाही स्वतंत्र पासवर्ड ठेवणे मला अधिक योग्य वाटते, मग तो सोसायटीतल्या दहा जणांना सांगावा लागला तरी चालेल.