रोस्ट बीफसोबतच्या भाज्या

रोस्ट बीफ म्हणजे कोरड्या उष्णतेवर अखंड भाजलेला गोमांसाचा मोठा तुकडा. ब्रिटनमध्ये रविवारी दुपारी घरच्यांनी एकत्र बसून खायच्या जेवणातला हा ठरलेला पदार्थ. त्याच्या ताटात भाज्यांची जागा मांसापेक्षा मोठी असते: भाजलेले बटाटे, एखादे कंदमूळ, एखादी हिरवी भाजी आणि सगळ्यावर ग्रेव्ही. कोणत्या भाज्या निवडायच्या याचे संकेत चवीचे म्हणून सांगितले जातात. त्यांतले बरेचसे मात्र चुलीच्या आणि ओव्हनच्या सोयीतून आलेले आहेत, आणि आजही यजमानाची यादी ठरते ती ओव्हनमध्ये किती जागा आहे आणि किती वेळ हाताशी आहे यावरूनच.

घडण

आज आपण ज्याला रोस्ट म्हणतो त्याला अठराव्या शतकातल्या इंग्रज स्वयंपाक्याने भट्टीत भाजलेले मांस म्हटले असते, रोस्ट नव्हे. त्या काळी मांस सळईत ओवून उघड्या जाळासमोर फिरवत भाजत. सळई फिरवायला वजनांवर चालणारी यंत्रे होती, पोरेटोरे होती, काही स्वयंपाकघरांत तर चाकात पळवलेली कुत्रीही होती. मांसाखाली पसरट भांडे ठेवत आणि त्यात चरबी टपकत राही. हीच ती ड्रिपिंग. जाळासमोर सळई आणि जाळावर पाण्याचे पातेले अशी मांडणी असल्यावर मांस भाजलेले आणि भाजी उकडलेली हे ओघानेच आले. कोबी, गाजर, सलगम पातेल्यात जात. चरबीच्या भांड्यात पीठ, अंडी आणि दूध यांचे सरबरीत मिश्रण ओतले की यॉर्कशर पुडिंग तयार होई. हॅना ग्लास या लेखिकेने १७४७ साली त्याची कृती छापली. पुडिंग ही भाजी नाही, पण भाज्या निवडताना ते हिशेबात धरावेच लागते, कारण ताटातली पिठूळ बाजू ते आधीच भरून काढते.

ज्यांच्या घरी भट्टी नव्हती ती कष्टकरी कुटुंबे एका थाळ्यात बटाटे पसरून त्यावर मांस ठेवत आणि तो थाळा रविवारी सकाळी पाववाल्याच्या भट्टीत नेऊन देत. दुपारी तो परत आणायचा. मांसाची चरबी पिऊन तयार झालेले हे बटाटे आजच्या रोस्ट पोटॅटोचे जवळचे पूर्वज म्हणावे लागतील. एकोणिसाव्या शतकात कोळशावर चालणारी लोखंडी रेंज, म्हणजे ओव्हन जोडलेली चूल, घराघरात आली, तशी सळई मागे पडली आणि कंदमुळेही मांसाच्या शेजारी भाजली जाऊ लागली. हिरव्या भाज्या मात्र पातेल्यातच राहिल्या.

दुसऱ्या महायुद्धाने ताटातले प्रमाण काही वर्षे उलटेच करून टाकले. ब्रिटनमध्ये मांसाचे शिधावाटप मार्च १९४० मध्ये सुरू झाले आणि जुलै १९५४ मध्ये संपले. मांसाचा वाटा वजनावर नव्हे तर किमतीवर ठरे, आणि बराच काळ तो माणशी आठवड्याला १ शिलिंग २ पेन्स इतकाच होता. ताज्या भाज्यांना रेशन नव्हते आणि परसात भाजी लावण्याची मोहीम सरकारनेच चालवली होती. त्यामुळे रविवारच्या ताटात मांसाची पातळशी चकती आणि भाजीचा ढीग असे चित्र असे.

बटाटा

भाजलेले बटाटे नसतील तर बाकी सगळे असूनही जेवण अपुरे वाटते, असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि ते चुकीचे नाहीत. त्यासाठी शिजल्यावर फुटणारा, पिठूळ जातीचा बटाटा लागतो. ब्रिटनमध्ये किंग एडवर्ड (१९०२) आणि मॅरिस पायपर (१९६६) या जाती त्यासाठी नावाजलेल्या आहेत. घट्ट, मेणचट बटाटा सॅलडला चांगला, पण भाजल्यावर त्याची कड कुरकुरीत होत नाही.

कृती साधी आहे, तरी तिच्यातली प्रत्येक पायरी कामाची आहे. बटाटे सोलून, मोठे तुकडे करून मिठाच्या पाण्यात अर्धवट उकडायचे. उकडताना बाहेरच्या थरातला स्टार्च फुगून मऊ होतो. पाणी काढून टाकून वाफ जाऊ द्यायची आणि पातेले झाकण लावून हलवायचे, म्हणजे कडा खरबरीत होतात. असा खरबरीत पृष्ठभाग गुळगुळीत पृष्ठभागापेक्षा कितीतरी जास्त चरबी धरतो आणि तिथेच जाड, ठिसूळ पापुद्रा तयार होतो. उकडायच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर पेशींना जोडणारे पेक्टिन लवकर सुटते आणि कडा आणखी भुसभुशीत होतात. सोडा जास्त झाला तर मात्र हाती लगदाच येतो. यानंतर बटाटे आधीच कडकडीत तापवलेल्या चरबीत सोडायचे. थंड चरबीत टाकलेला बटाटा भाजला जाण्याऐवजी तेल पीत बसतो. २०० अंश सेल्सियसला पाऊण ते एक तास लागतो, मध्ये एकदा-दोनदा उलटावे लागतात.

ड्रिपिंगमध्ये भाजलेल्या बटाट्याला मांसाचा वास आणि चव लागते, तीच त्याची खरी मजा. पण पंगतीत मांस न खाणारे कोणी असेल तर त्यांच्यासाठी बटाटे वेगळ्या ट्रेमध्ये, साध्या तेलात भाजावेत. ग्रेव्हीही वेगळी करावी, कारण मांसाच्या ट्रेमध्ये उतरलेला रस हाच नेहमीच्या ग्रेव्हीचा पाया असतो. हे ऐनवेळी आठवून उपयोग नाही.

भाजलेल्या बटाट्यांबरोबर कुस्करलेले बटाटेही वाढावेत का, यावर मतभेद आहेत. आयर्लंडमध्ये दोन्ही एकाच ताटात असणे नवलाचे नाही. यॉर्कशर पुडिंग असेल तर तिसऱ्या पिठूळ पदार्थाची गरज नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. पुडिंग नसेल आणि ग्रेव्ही भरपूर असेल तर कुस्करलेला बटाटा तिला छान सामावून घेतो.

ओव्हनचे वेळापत्रक

मांसाचा मोठा तुकडा ओव्हनमधून काढल्यावर लगेच कापत नाहीत. वीस ते तीस मिनिटे तो सैल झाकून बाजूला ठेवतात. या काळात बाहेरच्या भागातली उष्णता आत सरकते आणि मधले तापमान आणखी काही अंशांनी चढते. म्हणून मध्यभाग साधारण ५५ अंशांवर, गुलाबी हवा असेल तर तुकडा ५० अंशांच्या आसपास असतानाच बाहेर काढावा लागतो. मांस असे विसावते तेवढ्या अर्ध्या तासात भाज्यांचे सगळे काम उरकायचे असते. ओव्हन मोकळा झालेला असतो, तो २२० अंशांपर्यंत चढवता येतो. बटाट्यांना शेवटचा रंग चढतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत पुडिंग फुगते. पुडिंग आत असताना दार उघडायचे नाही, त्यामुळे त्या वेळात आत-बाहेर करावी लागणारी कोणतीही भाजी यादीतून आपोआप गळते.

भाज्या निवडण्याचा व्यवहारी मार्ग इथूनच निघतो. एक भाजी ओव्हनमध्ये मांसाच्या संगतीने भाजली जावी, एक शेगडीवर शेवटच्या पाच मिनिटांत व्हावी, आणि आणखी हवी असेल तर ती आदल्या दिवशीच करून ठेवता येण्यासारखी असावी. व्हिनेगर आणि सफरचंद घालून मंद शिजवलेला लाल कोबी दुसऱ्या दिवशी उलट जास्त चांगला लागतो. चीज घातलेल्या पांढऱ्या सॉसमधला फ्लॉवर आधी रचून ठेवता येतो, शेवटी फक्त वरून तांबूस करायचा. ओव्हनमध्ये एकाच वेळी चार ट्रे कोंबले तर भाज्यांतून निघणाऱ्या वाफेने आतली हवा दमट होते आणि काहीच कुरकुरीत होत नाही. चार ओव्हनभाज्यांपेक्षा दोनच करणे केव्हाही बरे.

मांस मंद आचेवर, १२० अंशांच्या आसपास, तासन्‌तास भाजायचे ठरवले तर हे गणित बदलते. त्या उष्णतेला बटाटे भाजले जात नाहीत, नुसते मऊ पडतात. तेव्हा एक तर दुसरा ओव्हन हवा, नाहीतर मांस झाल्यावर तासभर थांबायची तयारी हवी, नाहीतर सरळ कुस्करलेल्या बटाट्यांवर यावे.

कंदमुळे, हिरव्या भाज्या आणि मांसाचा तुकडा

पार्सनिप हे गाजराच्या कुळातले पांढरट कंद रोस्टसाठी बटाट्याखालोखाल मानाचे. थंडीचा कडाका पडला की त्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते, म्हणून हिमतुषारानंतर काढलेले पार्सनिप जास्त गोड असतात. याच साखरेमुळे ते बटाट्याआधी करपतात, तेव्हा ट्रेमध्ये उशिरा घालावेत. जून पार्सनिपचा मधला दांडा लाकडासारखा होतो, तो काढून टाकलेला बरा. स्वीड हा पिवळसर गराचा, सलगमाच्या जवळचा कंद उकडून लोणी आणि भरपूर मिरपूड घालून कुस्करतात. गाजर भाजता येते. पण ओव्हनमध्ये जागा नसेल तर पसरट भांड्यात थोडे पाणी, लोणी आणि साखर घालून पाणी आटेपर्यंत शिजवावे, म्हणजे त्यावर चकाकी येते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसल्ल्यात दिवसाला फळे-भाज्यांचे पाच वाटे खायला सांगतात, एक वाटा ८० ग्रॅमचा. त्यात पार्सनिप, स्वीड आणि गाजर मोजले जातात, बटाटा मोजला जात नाही.

हिरवी भाजी ताटाला सगळ्यात जास्त लागते आणि तिच्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते. सॅव्हॉय कोबी, केल ही पालेभाजी, फरसबी, मटार, लीक ही कांद्याच्या कुळातली भाजी यांतली कोणतीही चालते, अट एवढीच की ती कमी शिजवलेली असावी. भरपूर उकळत्या पाण्यात, झाकण न ठेवता शिजवली तर भाजीतली आम्ले वाफेबरोबर निघून जातात आणि रंग टिकतो. आठ-दहा मिनिटांपुढे गेले की हिरव्याचा मळकट खाकी रंग होतो. कोबीच्या कुळातल्या भाज्या जास्त शिजल्या की त्यांतली गंधकयुक्त द्रव्ये फुटून तो ओळखीचा, नकोसा वास घरभर सुटतो. ब्रसेल्स स्प्राउट या चिमुकल्या कोबीसारख्या गड्ड्यांची बदनामी बरीचशी यामुळेच झाली आहे. अर्धे कापून कडक तव्यावर कापलेली बाजू खाली करून परतले तर तेच स्प्राउट न खाणाऱ्यालाही आवडतात.

मांसाचा कोणता तुकडा आहे यावरही निवड अवलंबून असते. बरगडीचा तुकडा चरबीने भरलेला असतो. त्याच्याबरोबर किंचित कडवट, तिखट किंवा आंबट काहीतरी हवे: केल, वॉटरक्रेस, लाल कोबी. चीजमधला फ्लॉवर त्याच्या शेजारी जड होतो, लोकांना कितीही आवडत असला तरी. टॉपसाइड हा मांडीचा तुकडा कमी चरबीचा आणि कापल्यावर कोरडा वाटणारा, तिथे मात्र तोच फ्लॉवर किंवा पांढऱ्या सॉसमधले लीक शोभून दिसतात. एका ताटात पांढऱ्या सॉसच्या दोन भाज्या नकोत.

ऋतू पाळणाऱ्यांना वसंतात इंग्लिश शतावरीचे कोंब मिळतात. त्यांचा हंगाम परंपरेने २३ एप्रिल ते २१ जून असा धरतात. तेव्हाच जर्सी बेटावरचे कोवळे बटाटेही येतात. ते भाजण्याऐवजी सालीसकट उकडून लोण्यात घोळवायचे.

हॉर्सरॅडिश हे मूळ भाजीपेक्षा तोंडीलावणेच आहे, पण त्याच्याशिवाय रोस्ट बीफची गोष्ट पुरी होत नाही. अखंड असताना त्याला फारसा वास नसतो. किसल्यावर पेशी फुटतात आणि नाकात झणका जाणारे, मोहरीत सापडते तेच द्रव्य तयार होते. व्हिनेगर घातल्यावर ही क्रिया थांबते, त्यामुळे तिखटपणा हवा असेल तर किसून थोडा वेळ थांबावे आणि मग व्हिनेगर व क्रीम मिसळावे. शिजवले तर झणका उडून जातो.

इतर देशांत

अमेरिकेत बरगडीच्या रोस्टबरोबर क्रीममधला पालक, क्रीममधला मका, भाजलेला किंवा कुस्करलेला बटाटा असा थाट असतो. बेव्हर्ली हिल्समध्ये १९३८ साली सुरू झालेल्या लॉरीज या उपाहारगृहाने तो नावारूपाला आणला. हा थाट इंग्रजी ताटापेक्षा मऊ आणि जड असतो. आधी येणारे सॅलड ही त्याची भरपाई. फ्रान्समध्ये बारीक कोवळी फरसबी आणि बटाट्याच्या चकत्या दूध-क्रीममध्ये शिजवलेला ग्रातें दोफिन्वा पुरतो. न्यूझीलंडमध्ये भाजलेला लाल भोपळा आणि कुमारा हे रताळे ट्रेमध्ये बटाट्याच्या जोडीला हटकून असतात.

थंड रोस्ट बीफची निवड वेगळीच. डेन्मार्कमध्ये राय पावावर त्याच्या पातळ चकत्या, रेमुलाड हा मेयोनेजसारखा सॉस, किसलेले हॉर्सरॅडिश आणि कुरकुरीत तळलेला कांदा घालतात. जर्मनीत रेमुलाडबरोबर परतलेले बटाटे असतात. इंग्लंडमध्ये व्हिनेगरमधले बीट आणि छोटे कांदे काढतात. उरलेल्या भाज्यांचे सोमवारी बबल अँड स्क्वीक होते: कुस्करलेले बटाटे आणि कोबी तव्यात दाबून, खालून खरपूस होईपर्यंत परततात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी याच नावाच्या पदार्थात बटाटा नसे, कोबीबरोबर उरलेले गोमांस परतत.