नेत्रतज्ज्ञाचा निर्णय, फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात

मधुमेहामुळे दृष्टिपटलाला होणारी इजा बराच काळ मुकी असते. डोळ्याच्या मागच्या बाजूला आतून पसरलेल्या या पातळ पडद्याला केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे रक्त पुरवते. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की या वाहिन्यांच्या भिंतींना आधार देणाऱ्या पेशी मरू लागतात, भिंती ठिकठिकाणी फुगतात, त्यांतून रक्त आणि स्निग्ध पदार्थ झिरपतात आणि काही वाहिन्या बंदच पडतात. रक्ताला मुकलेला पडदा नव्या वाहिन्या वाढवणारे रासायनिक संदेश सोडतो; परंतु या नव्या वाहिन्या इतक्या ठिसूळ असतात, की त्या फुटून डोळ्यात रक्तस्राव होतो आणि त्यांच्यासोबत वाढणारे तंतू पडद्याला जागेवरून ओढून काढतात. एवढे सगळे आत घडत असताना माणसाला वाचायला किंवा चेहरे ओळखायला अनेकदा काहीच अडचण येत नाही. दिसण्यात फरक पडतो तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते. वेळेवर केलेल्या लेसर उपचाराने गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, हे १९७६ मध्येच एका मोठ्या अमेरिकी चाचणीतून दिसून आले होते, आणि पुढे डोळ्यात द्यावयाची इंजेक्शनेही आली. म्हणजे उपचार हाताशी आहेत. ज्याला ते हवेत तो माणूस वेळेवर सापडत नाही.

तो का सापडत नाही, याचे उत्तर आजारापेक्षा आरोग्यसेवेच्या रचनेत अधिक आहे. मधुमेही व्यक्ती साखर, रक्तदाब आणि औषधांची मात्रा पाहण्यासाठी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नियमाने जाते. डोळ्यांच्या वार्षिक तपासणीसाठी मात्र तिला दुसऱ्या डॉक्टरची वेगळी वेळ घ्यावी लागते, बाहुली मोठी करणारे थेंब घालून बसावे लागते, नंतर काही तास धूसर दिसत असल्याने सोबतीला कोणाला तरी न्यावे लागते आणि कामाचा एक दिवस सोडावा लागतो. हे सगळे अशा डोळ्यांसाठी, ज्यांची तिची स्वतःची काहीच तक्रार नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये नमूद केल्याप्रमाणे तेथील सुमारे निम्मे मधुमेही नेत्रतज्ज्ञाकडे दरवर्षी जात नाहीत. या लोकांना बेफिकीर म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

मायकेल अब्रामॉफ यांनी याच ठिकाणी हात घातला. मूळचे नेदरलँड्सचे असलेले अब्रामॉफ अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात दृष्टिपटलाचे तज्ज्ञ आहेत आणि अभियांत्रिकीचेही प्राध्यापक आहेत. संगणकाला दृष्टिपटलाचे छायाचित्र वाचायला शिकवण्यावर त्यांनी अनेक वर्षे संशोधन केले. त्यांच्या या कामामुळे नेत्रतज्ज्ञ अस्वस्थ झाले. २०१० मध्ये त्यांच्याच क्षेत्रातील एका नियतकालिकाने त्यांना ‘रेटिनेटर’ (‘रेटिना’ म्हणजे दृष्टिपटल, आणि संहारक यंत्रमानवाच्या ‘टर्मिनेटर’ चित्रपटावरून) असे नाव दिले, कारण यंत्राच्या चुकांमुळे रुग्णांचे नुकसान होईल आणि नेत्रतज्ज्ञांचे कामही जाईल, अशी भीती अनेकांना वाटत होती. त्याच सुमारास त्यांनी कंपनी स्थापन केली. शोधनिबंध कितीही चांगला असला तरी त्याला कोणी परवाना देत नाही, त्याच्यासाठी कॅमेरा जोडून देत नाही आणि तो चुकला तर जबाबदारही धरत नाही. ही सगळी कामे करायला एक संस्था लागते. संशोधक डॉक्टर उद्योजक का होतो, याचे मला पटणारे कारण हेच आहे. कंपनी स्थापन झाल्यापासून मान्यता मिळेपर्यंत सुमारे आठ वर्षे गेली. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यांच्या ‘आयडीएक्स-डीआर’ या प्रणालीला परवानगी दिली. डॉक्टरने छायाचित्र वा निष्कर्ष पुन्हा तपासून न पाहता तपासणीचा निर्णय देणारे, अशी मान्यता मिळालेले ते पहिले उपकरण होते.

प्रत्यक्षात घडते ते असे. नेहमीच्या दवाखान्यात एका मंद उजेडाच्या खोलीत रुग्ण कॅमेऱ्यासमोर बसतो, हनुवटी टेकवतो, कपाळ पट्टीला लावतो आणि आतल्या खुणेकडे पाहतो. प्रत्येक डोळ्याची दोन छायाचित्रे घेतली जातात: एक डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या सुरुवातीच्या जागेवर रोखलेले आणि दुसरे पडद्याच्या मध्यबिंदूवर, जिथे सर्वांत स्पष्ट दिसते. कॅमेरा चालवणारी व्यक्ती दवाखान्यातील कर्मचारी असते. तिला चार तासांचे प्रशिक्षण पुरते. छायाचित्र धूसर आले किंवा डोळा हलला, तर प्रणाली तिथल्या तिथे ते पुन्हा घ्यायला सांगते, आणि तरीही जमले नाही तरच बाहुली मोठी करणारे थेंब घातले जातात. त्यानंतर संगणक छायाचित्रात सूक्ष्म फुगवटे, रक्ताचे ठिपके आणि झिरपलेल्या चरबीचे पिवळसर डाग शोधतो. प्रत्येक प्रकारच्या खुणेसाठी वेगळा शोधक बसवलेला असतो, म्हणजे नेत्रतज्ज्ञ जे पाहून निदान करतो तेच यंत्रालाही वेगवेगळे पाहायला शिकवलेले असते. काही मिनिटांत उत्तर मिळते, आणि ते दोनपैकी एक असते: सौम्यपेक्षा अधिक विकार आढळला, नेत्रतज्ज्ञाकडे जावे, किंवा तो आढळला नाही, बारा महिन्यांनी पुन्हा तपासावे. रुग्ण अजून दवाखान्यातच असतो, त्यामुळे निकाल त्याच भेटीत त्याच्या डॉक्टरांच्या तोंडून त्याला कळतो.

हे उत्तर कितपत विश्वसनीय आहे, हे ठरवणारी चाचणी प्राथमिक उपचारांच्या दहा दवाखान्यांत ९०० मधुमेहींवर झाली. तिथे कॅमेरा हाताळणाऱ्यांना अशा कामाचा पूर्वानुभव नव्हता, आणि मला या चाचणीची ही बाजू फार मोलाची वाटते, कारण निष्णात छायाचित्रकाराने निवडून दिलेल्या चित्रांवर चाललेले यंत्र खऱ्या दवाखान्यात चालेलच असे नाही. संगणकाच्या उत्तरांची तुलना विस्कॉन्सिन येथील तज्ज्ञ वाचन केंद्राच्या निर्णयांशी करण्यात आली, आणि त्या केंद्राकडे पडद्याचा अधिक मोठा भाग दाखवणारी, अधिक बारकाईची चित्रे होती. यशाची किमान पातळी चाचणीआधीच ठरवून ठेवली होती. शेवटी ज्या ८१९ जणांची माहिती पूर्ण मिळाली, त्यांपैकी १९८ जणांना सौम्यपेक्षा अधिक विकार होता आणि यंत्राने त्यांतील १७३ ओळखले. उरलेल्या ६२१ पैकी ५५६ जणांना विकार नसल्याचे त्याने बरोबर सांगितले.

हे आकडे जरा उलट बाजूनेही वाचायला हवेत, कारण डॉक्टरसमोर बसलेल्या माणसाचा प्रश्न उलट बाजूचाच असतो: ‘यंत्राने विकार आहे म्हटले, तर तो खरोखर असण्याची शक्यता किती?’ यंत्राने १७३ जणांबाबत बरोबर आणि ६५ जणांबाबत चुकीचा इशारा दिला. म्हणजे एकूण २३८ इशाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश खरे ठरले. हेच यंत्र जिथे विकाराचे प्रमाण बरेच कमी आहे अशा वस्तीत वापरले, तर त्याची अचूकता तीच राहूनही खोट्या इशाऱ्यांचा वाटा वाढेल. समजा, १,००० लोकांपैकी ५० जणांनाच विकार आहे. तर सुमारे ४४ खऱ्या इशाऱ्यांसोबत जवळजवळ १०० खोटे इशारे येतील. प्राथमिक सेवेत वापरायच्या प्रत्येक चाचणीला हे गणित लागू पडते, कारण तिथे येणाऱ्या बहुतेकांना तो विशिष्ट आजार नसतो. खोट्या इशाऱ्याची किंमत येथे नेत्रतज्ज्ञाकडची एक जास्तीची भेट एवढीच आहे, म्हणून ती सोसण्याजोगी आहे. निसटलेल्या २५ जणांचा विचार मला जास्त अस्वस्थ करतो, आणि त्यांच्यासाठीच बारा महिन्यांनी पुन्हा तपासण्याची सूचना न चुकता पाळली जायला हवी.

या प्रणालीतील खरी धाडसाची गोष्ट मात्र आकड्यांपलीकडची आहे. वैद्यकातील बहुतेक संगणकीय साधने ‘मदतनीस’ असतात: ती डॉक्टरला एखादा संशय सुचवतात आणि अंतिम निर्णय त्याच्यावर सोडतात. ऐकायला हे सुरक्षित वाटते. परंतु फॅमिली डॉक्टर दृष्टिपटलाचे चित्र वाचायला शिकलेला नसतो, त्यामुळे अशी सूचना त्याच्या उपयोगी पडत नाही. उलट त्याच्या ओझ्यात भर पडते. हे ओझे आधीच किती आहे, याचा हिशेब २०२२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. २,५०० रुग्णांची जबाबदारी असलेल्या एका प्राथमिक डॉक्टरने मार्गदर्शक सूचनांनुसार सगळी सेवा एकट्याने द्यायची ठरवल्यास त्याला दिवसाला २६.७ तास लागतील. परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि इतर सहकाऱ्यांनी काम वाटून घेतले, तर ते ९.३ तासांवर येते. २०१६ च्या आणखी एका पाहणीत, रुग्णासमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे डॉक्टरचे जवळजवळ दोन तास संगणकावरील नोंदी आणि टेबलावरच्या कामात जातात, असे दिसले होते. अशा माणसापुढे आणखी एक स्क्रीन आणि आणखी एक इशारा ठेवणारे तंत्रज्ञान, ते कितीही हुशार असो, त्याच्या रुग्णाचा वेळच खाते. अब्रामॉफ यांच्या प्रणालीने एक काम पूर्णपणे उचलले आणि त्यासोबतची जबाबदारीही उचलली: प्रणाली चुकली तर कायदेशीर दायित्व कंपनीचे, फॅमिली डॉक्टरचे नव्हे, अशी त्यांची जाहीर भूमिका आहे आणि कंपनीने त्यासाठी विमाही घेतला आहे. निर्णय घेणाऱ्या यंत्रामागे उत्तर द्यायला कोणीतरी उभे असलेच पाहिजे, हे मला आरोग्यतंत्रज्ञानाच्या प्रत्येक निर्मात्याला सांगावेसे वाटते.

दवाखान्यात काय बिघडू शकते, हे थायलंडमध्ये दिसले. गूगलच्या संशोधकांनी याच आजारासाठी बनवलेली प्रणाली तेथील ११ क्लिनिकमध्ये वापरून पाहिली आणि २०२० मध्ये आपले निरीक्षण प्रामाणिकपणे प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेत तिची अचूकता उत्तम होती. क्लिनिकमध्ये मात्र खोल्यांत पुरेसा अंधार नव्हता, इंटरनेट अधूनमधून मंदावत होते, आणि पहिल्या १,८३८ छायाचित्रांपैकी २१ टक्के चित्रे पुरेशी स्पष्ट नसल्याने प्रणालीने नाकारली. ज्यांची चित्रे नाकारली गेली त्यांना दुसरीकडे जायला सांगावे लागे, आणि जी फेरी वाचवण्यासाठी हे सारे मांडले होते तीच त्यांच्या वाट्याला येई. पडदे लावून खोली अंधारी करणे हे नवे संशोधन नव्हे; तरीही प्राथमिक सेवेतील तंत्रज्ञानाचे भवितव्य बहुधा अशाच गोष्टींवर ठरते.

अब्रामॉफ यांच्या प्रणालीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. ती एकाच आजाराबद्दल बोलते. त्याच छायाचित्रात काचबिंदूची खूण असली तरी ती गप्प राहते. गरोदर स्त्रिया, आधीच विकार ठरलेले रुग्ण आणि डोळ्यासमोर ठिपके तरंगताना दिसणारे किंवा सतत धूसर दिसणारे लोक यांच्यासाठी ती नाहीच; त्यांनी थेट नेत्रतज्ज्ञाकडेच जायला हवे. ‘विकार आढळला नाही’ या वाक्याचा अर्थ ‘डोळे निरोगी आहेत’ असा घेतला जाऊ नये, हे रुग्णाला समजावून सांगण्याचे काम डॉक्टरकडेच राहते.

२०२४ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ८ ते २१ वर्षे वयाचे १६४ मधुमेही सहभागी होते. निम्म्यांची तपासणी मधुमेह क्लिनिकमध्येच याच प्रणालीने झाली, तर उरलेल्यांना नेहमीप्रमाणे नेत्रतज्ज्ञाची चिठ्ठी आणि आवश्यक ती माहिती देण्यात आली. सहा महिन्यांत पहिल्या गटातील सर्वांची तपासणी पूर्ण झाली होती, तर चिठ्ठी मिळालेल्यांपैकी फक्त २२ टक्के जण तपासणीला गेले होते. पहिल्या गटात २५ जणांच्या डोळ्यांत दोष दिसला आणि त्यांतले १६ पुढे नेत्रतज्ज्ञापर्यंत पोहोचले. आपल्या डोळ्यात काहीतरी बिघडले आहे हे कळूनही उरलेले नऊ जण पोहोचले नाहीत. या नऊ जणांना शोधून, त्यांच्या घरी फोन करून, वेळ ठरवून देणारी व्यक्ती त्या दवाखान्यात असायला हवी, आणि तिच्या पगाराची तरतूद कॅमेऱ्याच्या किमतीसोबतच व्हायला हवी.