खेळताना डेस्कटॉप संगणक आपोआप रिस्टार्ट होणे

जड ग्राफिक्सचा खेळ चालू असताना डेस्कटॉप संगणक कोणतीही सूचना न देता बंद पडून पुन्हा सुरू होण्याचा दोष. असा संगणक ब्राउझर, ऑफिसचे काम, चित्रपट यांत दिवसभर नीट चालतो, म्हणून बिघाड खेळाच्या सॉफ्टवेअरमध्ये असावा असा समज होतो. पण यंत्र काहीच न दाखवता थेट रिस्टार्ट होत असेल, तर संशय आधी विजेवर घ्यावा. खेळात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकाच वेळी भार घेतात. शंभर वॉटच्या आत चालणारे यंत्र क्षणात तीनशे-चारशे वॉटवर जाते आणि भिंतीवरच्या सॉकेटपासून ग्राफिक्स कार्डापर्यंत जो भाग कच्चा असेल तो तेव्हाच उघडा पडतो.

इंदूरमध्ये खेळण्यासाठीचा संगणक अनेकदा असेंबल करून घेतात. रवींद्रनाथ टागोर मार्गावरच्या सिल्व्हर मॉलसारख्या ठिकाणी सुटे भाग निवडून तो जुळवला जातो. पैसे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर जातात, उरलेल्या रकमेत कॅबिनेट आणि एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, बसवतात. रामबाग, लोकमान्य नगर किंवा सुदामा नगरातल्या मराठी घरात तोच संगणक बाबांच्या हिशेबाचा, ताईच्या प्रोजेक्टचा आणि धाकट्याच्या खेळाचा होतो, आणि बंद पडतो तो नेमका धाकट्याच्या हातात. बोल त्याला लागतो. यंत्र दुकानात जाते, फॉर्मॅट मारून परत येते आणि संध्याकाळी पुन्हा तेच घडते. फॉर्मॅटने ड्रायव्हरचा घोळ सुटू शकतो, पण कमी पडणारी वीज वाढत नाही.

बंद पडण्याची तऱ्हा

निदानाची सुरुवात स्क्रू उघडण्याआधी, नीट विचारपूस करण्यापासून होते. पडदा एकदम काळा झाला, पंख्यांचा आवाज तुटला आणि लगेच मदरबोर्डचा लोगो आला, तर विंडोजला काही कळण्याआधीच वीज तुटलेली असते. पडद्यावर हसू हरवलेले चिन्ह किंवा संदेश क्षणभर दिसला, तर विंडोजने चूक पकडून स्वतःच रिस्टार्ट केलेले असते. हा पडदा अनेक वर्षे निळा होता. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्तीत तो काळा झाला आहे, त्यामुळे नुसते ‘काळा स्क्रीन आला’ एवढे ऐकून पुरत नाही. संदेश वाचता यावा यासाठी सिस्टिम प्रॉपर्टीजमधील स्टार्टअप अँड रिकव्हरी या भागात ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ वरची खूण काढून ठेवावी.

यंत्र बंद पडून बंदच राहिले, तर प्रोसेसरच्या उष्णतेचे किंवा एसएमपीएसच्या संरक्षण यंत्रणेचे काम असते. एसएमपीएस असा अडकला, तर बहुधा मागचा स्विच बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय तो उठत नाही. चौथी तऱ्हा फसवी आहे. चित्र जाते, पण खेळाचा आवाज चालू राहतो, कधी कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने फिरू लागतात. इथे ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर अडकलेला असतो. खेळणारा स्वतः रिसेट दाबतो आणि सांगताना मात्र ‘आपोआप रिस्टार्ट झाला’ असे सांगतो.

विंडोजच्या नोंदी

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम या लॉगखाली ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद जवळपास प्रत्येक वेळी सापडते, आणि ती दिसली की एसएमपीएस बदलण्याचा निकाल दिला जातो. हा निकाल घाईचा आहे. ४१ चा अर्थ इतकाच की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झाले नव्हते. ही नोंद पुढच्या वेळी सुरू होताना लिहिली जाते. तिच्या तपशिलातील ‘बगचेक कोड’ हा आकडा खरा कामाचा. तो ० असेल तर विंडोजला चूक नोंदवायला वेळच मिळाला नाही: वीज गेली, यंत्र गोठले किंवा कुणी रिसेट दाबले. तिथे आकडा असेल तर तो दशमान पद्धतीत असतो. २९२ म्हणजे शून्य-एक्स-१२४, हार्डवेअरची न सुधारता येणारी चूक. २७८ म्हणजे शून्य-एक्स-११६, ग्राफिक्स ड्रायव्हर वेळेत न सावरणे. ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिले नाही तर विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करून पाहते. ते जमले नाही की हा दुसरा कोड उमटतो. शेजारी हार्डवेअरच्या चुका टिपणारी ‘व्हीया-लॉगर १८’ ही नोंद दिसली तर संशय प्रोसेसर, त्याला मिळणारा व्होल्टेज किंवा ओव्हरक्लॉकिंग (भाग ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणे) यांवर घ्यावा.

कॅबिनेटबाहेरची वीज

घरात लाइट असताना असे होते, मग विजेचा प्रश्न कुठे, असे विचारले जाते. एटीएक्स जातीच्या एसएमपीएसने पुरवठा तुटल्यावर मोठ्या भाराखाली सुमारे १६-१७ मिलिसेकंद तग धरावा अशी अपेक्षा असते. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेची एक लहर २० मिलिसेकंदांची, म्हणजे अख्खी एक लहरसुद्धा हुकलेली चालत नाही. भार कमी असला की हाच साठा जास्त वेळ पुरतो. त्यामुळे एक्सेल उघडलेले असताना वीज क्षणभर डोळा मिचकावून परत आली तरी यंत्र टिकते, खेळ चालू असताना त्याच झटक्याला पडते.

इंदूरच्या पुष्कळ वस्त्यांत नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते आणि त्या वेळी घरोघरी मोटारी सुरू होतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या चालू प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढते, जुन्या वायरिंगच्या घरात दिवा मंदावतो, आणि त्याच मजल्यावर कुणी खेळत असेल तर त्याचा डाव तिथेच संपतो. रिस्टार्टची वेळ वहीत टिपून ती पाण्याच्या वेळेशी, शेजारच्या एसीशी ताडून पाहणे हे फुकटचे निदान आहे.

यूपीएस असूनही यंत्र पडते, याचे कारण बहुधा त्याचा आकार. घरगुती ६०० व्हीए यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. संगणक आणि मॉनिटर मिळून खेळात ४०० वॉट घेत असतील तर वीज गेल्या क्षणी तो ओव्हरलोडची शिट्टी मारून हात वर करतो. बॅटरी दोन-तीन वर्षांची जुनी असेल तर त्याहून कमी भारावरही तेच होते. ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीवरची वीज सुरळीत ओढणारे सर्किट) असलेल्या काही एसएमपीएसना स्वस्त यूपीएसची पायरीदार लहर मानवत नाही. घरचा इन्व्हर्टर हा आणखी वेगळा विषय: अनेक इन्व्हर्टरवर यूपीएस आणि इको असे दोन मोड असतात, आणि इको मोडमध्ये बॅटरीवर जायला लागणारा वेळ पंख्या-दिव्याला चालतो, संगणकाला चालत नाही. मॉनिटर त्याच यूपीएसवर असेल आणि रिस्टार्टच्या वेळी त्याचा दिवाही विझला, तर कॅबिनेट उघडायची गरज नाही. सैल सॉकेट आणि एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लादलेली सगळी उपकरणे हीदेखील याच वर्गातली कारणे. संशय असेल तर यूपीएस वगळून संगणक थेट भिंतीच्या सॉकेटला लावून एक-दोन दिवस खेळून पाहावे.

एसएमपीएस

डब्यावर छापलेल्या वॉटपेक्षा लेबलवरचा १२ व्होल्टचा आकडा महत्त्वाचा, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची बहुतेक भूक तिथूनच भागते. कॅबिनेटबरोबर ‘४५० वॉट’ म्हणून आलेल्या एसएमपीएसवर १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर लिहिलेले असेल, तर कामाची शक्ती १९२ वॉटच झाली. चांगल्या एसएमपीएसमध्ये १२ व्होल्टची ही शक्ती एकूण वॉटच्या जवळ असते.

शक्ती पुरेशी असूनही यंत्र पडते, त्यामागे बहुधा क्षणिक उसळी असते. आधुनिक कार्ड मिलिसेकंदापेक्षा कमी वेळासाठी आपल्या सरासरीच्या दुपटीपर्यंत वीज मागू शकते. २०२० मध्ये आलेल्या ३२० वॉटच्या आरटीएक्स ३०८० या ग्राफिक्स कार्डाच्या वेळी चांगल्या कंपन्यांचे काही एसएमपीएसही अशा उसळीला अपघात समजून बंद पडत. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात १०० मायक्रोसेकंदांपुरती क्षमतेच्या २०० टक्के उसळी सोसण्याची अट घातली गेली ती यामुळेच. तपासणीच्या दृष्टीने एक गोष्ट इथे लक्षात ठेवावी. ग्राफिक्स कार्डावर भार टाकणारी फरमार्कसारखी चाचणी भार सपाट ठेवते. तिच्यात तासभर टिकलेले यंत्र खेळात, जिथे भार सतत उड्या मारतो, पाच मिनिटांत पडू शकते. चाचणीत पास झाला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही.

याहून चांगली परीक्षा बिनखर्ची आहे. एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणावी, खेळात फ्रेमरेट ६० वर बांधावा आणि तोच खेळ, तोच प्रसंग खेळावा. रिस्टार्ट थांबले तर वीज किंवा उष्णता यांपैकी एक कारण आहे, आणि तापमान पाहून त्यातले कोणते ते ठरते. कार्डाला दोन ८-पिन जोडण्या असतील तर एकाच केबलची दोन तोंडे न वापरता दोन स्वतंत्र केबल लावाव्यात. ८-पिनची मर्यादा १५० वॉट, ६-पिनची ७५ आणि मदरबोर्डवरच्या खाचेची ७५. एवढी बेरीज हाताशी असली की दुकानदाराशी बोलणे सोपे जाते.

उष्णता

मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि हवेवर चालणारा कोणताही कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तरीही उष्णतेवर गरजेपेक्षा जास्त आळ येतो. प्रोसेसर तापला की आधी वेग कमी करतो: अनेक इंटेल प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास, एएमडीची रायझन ७००० मालिका ९५ अंशांवर. खेळ अडखळू लागतो, फ्रेम गळतात, आणि त्यानंतरही तापमान चढत राहिले तरच यंत्र बंद होते. काही न अडखळता एकदम रिस्टार्ट होणे हे उष्णतेचे लक्षण क्वचितच असते. माळव्याच्या रात्री थंड म्हणून नावाजलेल्या आहेत. डिसेंबरात मध्यरात्रीही दोष तसाच येत असेल तर प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट आणि पंखे यांवर वेळ घालवू नये. खात्रीसाठी तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये लॉगिंग सुरू ठेवून खेळावे आणि फाइलमधली शेवटची ओळ पाहावी. धूळ काढायला ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा.

रॅम, प्रोसेसर आणि उरलेली कारणे

बायोसमधली (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमधली) एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सेटिंग चालू करून रॅम जाहिरातीतल्या वेगाने चालवणे हे ओव्हरक्लॉकिंगच आहे. ते बंद करून पाहावे, मग रॅम तपासणारे मेमटेस्ट८६ रात्रभर लावावे. एक जरी चूक दिसली तरी रॅम स्थिर नाही. रायझनवर व्होल्टेज खाली आणण्याचा हौशी प्रयोग केला असेल तर तो आधी मागे घ्यावा, कारण त्यातून संदेशाविना रिस्टार्ट होतो आणि मागे व्हीया १८ ची नोंद राहते.

इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरचे प्रकरण वेगळे ठेवायला हवे. जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर हळूहळू अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले. ऑगस्टमध्ये ०x१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०x१२बी हे मायक्रोकोड (बायोसमधून प्रोसेसरला मिळणारी दुरुस्ती) आले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. नवा बायोस पुढचे नुकसान रोखतो, झालेले भरून काढत नाही. अशा यंत्रात खेळ सुरू होताना व्हिडिओ मेमरी संपल्याचा खोटा संदेश येत असेल तर ग्राफिक्स कार्ड न बदलता प्रोसेसरच्या वॉरंटीचा दावा करावा.

कधीकधी कारण अगदी क्षुल्लक निघते: कॅबिनेटचे रिसेट बटण आत अडकते आणि पंख्यांच्या कंपनाने स्पर्श होतो. मदरबोर्डवरून त्याची दोन तारांची जोडणी काढून ठेवली तरी संगणक चालतो. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वरचा डीसी दाब काही काळ टिकून असतो.