वास्तवता आणि विश्वसनीयता, खेळविश्वातील

व्हिडिओ खेळातील जग बाहेरच्या जगाशी किती जुळते, ही त्या खेळाची वास्तवता. आणि ते जग स्वतःच्या नियमांना इतके धरून आहे का की खेळणाऱ्याने त्यावर विसंबून पाऊल टाकावे, ही त्याची विश्वसनीयता. प्रकाश, पोत, आवाज, गुरुत्वाकर्षण, ऐतिहासिक तपशील यांचे अनुकरण पहिलीत मोडते. दुसरी कारण आणि परिणाम यांच्या मेळातून येते. दोन्ही एकत्र नांदू शकतात, तशा एकमेकींच्या आडही येतात. ‘ग्राफिक्स एकदम रिअल’ हा शेरा पहिलीबद्दल असतो. ‘हे काहीही दाखवलंय’ ही तक्रार बहुधा दुसरीबद्दल.

पूर्वपीठिका : हा भेद खेळांहून पुष्कळ जुना आहे. अशक्य पण पटणारे कथानक हे शक्य पण न पटणाऱ्या कथानकापेक्षा बरे, असे ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात म्हटले (इ.स.पू. चौथे शतक). इंग्रजी समीक्षेत कोलरिजने १८१७ मध्ये अविश्वास स्वेच्छेने बाजूला ठेवण्याची कल्पना मांडली. जॅनेट मरी यांनी १९९७ मध्ये ती संगणकीय कथनाला अपुरी ठरवली : तिथे माणूस अविश्वास नुसता आवरून बसत नाही, तो कृतीने विश्वास घडवतो. बहुतेक पाश्चात्त्य विवेचन या तीन टप्प्यांवरून पुढे जाते.

भारतीय बाजू अधिक खोल आहे आणि तिच्या आधुनिक अभ्यासाचा पाया बडोद्याने घातला. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत मानवल्ली रामकृष्ण कवी यांनी अभिनवभारतीसह (अभिनवगुप्तांची टीका) भरताच्या नाट्यशास्त्राचा पहिला खंड १९२६ मध्ये संपादित केला. चौथा व शेवटचा खंड १९६४ मध्ये निघाला. नाट्यशास्त्राचा काळ साधारणतः इ.स.पू. दुसरे ते इ.स. दुसरे शतक असा धरतात. काही भाग त्यानंतरचे असावेत. त्याच्या तेराव्या अध्यायात (काही पाठांत चौदाव्या) लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असे प्रयोगाचे दोन धर्म येतात. लोकव्यवहार जसाच्या तसा दाखवणे ही लोकधर्मी. जवळ उच्चारलेले वाक्य शेजारच्या पात्राला ऐकू न येणे, पर्वत किंवा वाहन माणसाच्या रूपात रंगमंचावर येणे ही नाट्यधर्मी. लपतछपत पुढे सरकण्याच्या खेळांत पहारेकऱ्याला चार पावलांवरची कुजबुज ऐकू येत नाही, ती याच दुसऱ्या प्रकारातली.

प्रेक्षकाला नट हा राम कसा वाटतो, यावर नाट्यशास्त्राचा टीकाकार श्रीशंकुक याचे मत प्रसिद्ध आहे. त्याचा ग्रंथ उपलब्ध नाही. मत अभिनवभारतीतील उताऱ्यांवरून कळते. राजतरंगिणी या काश्मीरच्या इतिहासकाव्यात भुवनाभ्युदय काव्याचा कर्ता म्हणून आलेला शंकुक हाच असेल, तर त्याचा काळ नवव्या शतकाच्या मध्याजवळ पडतो. हे ऐक्य बहुतेकांना मान्य असले तरी सिद्ध झालेले नाही. शंकुकाच्या मते ‘हा राम’ ही प्रतीती सम्यक् (खरे), मिथ्या (खोटे), संशय आणि सादृश्य या चारही ज्ञानप्रकारांहून वेगळी असते. चित्रातल्या घोड्याला आपण घोडाच म्हणतो, तशी. पडद्यावरच्या जगाला हा चित्रतुरगन्याय लावावासा वाटणे साहजिक आहे. परंतु चित्रातला घोडा फक्त पाहायचा असतो. खेळातल्या घोड्यावर बसायचे असते, त्याला वळवायचे असते, त्याच्याकडून ओढा ओलांडून घ्यायचा असतो. पाहणाऱ्यासाठी केलेला विचार वागणाऱ्याला इथे पुरत नाही.

प्रस्तुत विषयाला अभिनवगुप्तांचा (सु. १०००) रसविघ्नांचा, म्हणजे रसास्वादातील अडथळ्यांचा, विचार अधिक लागू पडतो. सात विघ्नांपैकी पहिले विघ्न संभावनाविरह : जे शक्यच वाटत नाही तिथे चित्त स्थिरावत नाही. यावर त्यांनी दोन उपाय दिले आहेत. एक, सर्व लोकांच्या अनुभवातल्या वस्तूचा आधार, म्हणजे हृदयसंवाद (मनाचा मेळ) होतो. दुसरा, अलौकिक कृत्ये दाखवायची असतील तेव्हा राम इत्यादी प्रख्यात नावांचा आधार; अखंड प्रसिद्धीमुळे त्यांच्याविषयी दृढ प्रत्यय आधीच तयार असतो. खेळविश्वाच्या विश्वसनीयतेचे इतके नेमके वर्णन नंतरच्या विवेचनातही सहसा आढळत नाही. त्यात एका तिसऱ्या उपायाची भर घालावी लागते, ती अशी की खेळ स्वतःची प्रसिद्धी स्वतःच घडवू शकतो.

खेळांतील स्वरूप : माइनक्राफ्टमध्ये (पूर्ण आवृत्ती २०११) झाडाचे खोड तोडले तरी वरचा भाग हवेत तरंगत राहतो, आधार काढला की वाळू मात्र खाली कोसळते. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे विसंगत आहे. तरीही कोणी अडखळत नाही, कारण दगड टिकतो आणि वाळू पडते हे पहिल्या काही मिनिटांत हाताला कळते व पुढे कधी बदलत नाही. तरंगत्या दगडांवर लोक पूल बांधतात, वाळूचे सापळे रचतात. ग्रँड थेफ्ट ऑटोच्या पाचव्या भागात (२०१३) अख्खा दिवस ४८ मिनिटांत संपतो. यातले काहीही वास्तव नाही. सगळे विश्वसनीय आहे.

उलट बाजूने, वागणुकीचा भास बुद्धीपेक्षा आवाजाने अधिक होतो. फिअर (२००५) या खेळातील सैनिक एकमेकांना ओरडून सूचना देतात आणि त्यांची कूच संगनमताने चालली आहे असे वाटते. प्रत्यक्षात निर्णय आधीच झालेला असतो; ओरडणे खेळाडूने ऐकावे यासाठी असते.

मानवी चेहऱ्याच्या बाबतीत वास्तवता जवळ आली की विश्वास अचानक ढासळतो, असे गृहीतक जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडले. ते यंत्रमानवांबद्दल होते. खेळांतील चेहऱ्यांना ते पुढे लावले गेले. नियम एक सांगतात आणि कथा दुसरे, या विसंवादाला खेळरचनाकार क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्ये नाव दिले. खेळांचे अभ्यासक येस्पर यूल यांच्या मते खेळाचे नियम खरे असतात आणि कथाविश्व अपुरे. मारिओ या खेळनायकाला तीनच जीव का, याचे उत्तर कथेत नसते, नियमांत असते. अलेक्झांडर गॅलोवे यांनी (२००४) वेगळाच मुद्दा उचलला : हुबेहूब चित्रण म्हणजे वास्तववाद नव्हे, खेळणाऱ्याच्या सामाजिक जगण्याशी नाते जुळले तरच तो. हा मुद्दा योग्य आहे. मात्र तो वास्तवतेची व्याख्या बदलतो, विश्वसनीयतेचा प्रश्न सोडवत नाही.

ऐतिहासिक खेळांत प्रसिद्धीची बाजू स्पष्ट दिसते. असॅसिन्स क्रीड युनिटी (२०१४) फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील पॅरिसमध्ये घडतो, पण त्यातील नोत्र-दामवर वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक यांचा मनोरा आहे, जो १८५९ मध्ये उभा राहिला. त्या मनोऱ्याशिवाय आजच्या खेळाडूला ते चर्च ओळखू आले नसते, असे याचे कारण दिले जाते. कालविपर्यास इथे प्रत्यय वाढवतो.

बडोद्याचे उदाहरण : याच्या नेमके उलट उदाहरण बडोदे संस्थानात सापडते. खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत १८६२ मध्ये डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची रेल्वे सुरू झाली आणि तिचे डबे बैल ओढीत. मल्हाररावांच्या सोन्याच्या तोफाही कल्पित नाहीत. एकोणिसाव्या शतकातील बडोद्यावर कोणी खेळ रचला आणि त्यात रुळांवर बैल दिसले, तर पहिला आक्षेप ‘असे कधी होते का’ हाच येईल. गोष्ट खरी आहे, प्रसिद्धी नाही. उपाय लोकसामान्याचा, म्हणजे अभिनवगुप्तांचा पहिला : आधी बैलांची दावण, चाऱ्याचे भारे आणि गाडीवानाची हाक दाखवावी, रूळ मग. अभिनवगुप्तांचा क्रम इथे जसाच्या तसा चालतो.

चार दरवाजे (लहरीपुरा, पाणी, चांपानेर, गेंडी) आणि मधोमध मांडवी अशी जुन्या शहराची रचना मोजमापासह उभी करणे आज अवघड नाही. तांबेकर वाड्यातील भिंतींवर पौराणिक प्रसंगांबरोबर इंग्रज-मराठा युद्धाचीही चित्रे आहेत. तीही पोत म्हणून चढवता येतील. पण त्या वाड्यात मराठी बोलणारी बाई बाहेर पडून भाजीवालीशी गुजरातीत घासाघीस करते की नाही, यावर ते शहर बडोदे वाटेल की नाही हे ठरेल. प्रस्तुत नोंदकाराला भिंतींपेक्षा ही घासाघीस महत्त्वाची वाटते.

याच शहरात चित्रकलेतील आणि रंगभूमीवरील समांतर प्रश्नही चर्चिले गेले. राजा रविवर्मा यांनी सयाजीरावांसाठी काढलेल्या १४ पौराणिक चित्रांत तैलरंगातील अंगकांती, वस्त्रांची चुणी आणि वजन हुबेहूब आहे, प्रसंग मात्र अलौकिक. ‘कंसमाया’ या चित्रात कंसाच्या हातून निसटलेले मूल आकाशात देवी होते. कलासमीक्षक आनंद कुमारस्वामी यांना हे मिश्रण नाटकी वाटले. बडोद्याचा राजाश्रय लाभलेल्या गंधर्व नाटक मंडळीत गालिचे आणि अत्तर अस्सल असे, नायिका मात्र बालगंधर्व असत. प्रेक्षकांना त्यात विसंगती जाणवली नाही.

भारतीय विषयांवरील खेळ : अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी (२०१७) होयसळांचे अवशेष पश्चिम घाटातील दाट अरण्यात ठेवतो, मोकळ्या मैदानावरचे हळेबीड (होयसळांची राजधानी) पाहिलेल्याला ते खटकते, इतरांना नाही. पुण्यात तयार झालेल्या राजी (२०२०) या खेळाने पहाडी लघुचित्रांची रंगरीत घेतली आणि हुबेहूबपणाची वाट धरलीच नाही.