माइक एका कार्डावर, स्पीकर दुसऱ्यावर

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा तयार झाला की गिऱ्हाईक समोर बसून जवारी, म्हणजे तारांची झणकारती गुंज, ऐकायचं आणि मगच पैसे मोजायचं. आता बाहेरगावचा गवई व्हिडिओ कॉलवरच ‘जरा छेडून दाखवा’ म्हणतो. सांगलीत ऑनलाइन गाणं शिकवणाऱ्यांचीही गरज वेगळी नाही. लॅपटॉपचा माइक या कामाचा नसतो, म्हणून यूएसबी माइक येतो; ऐकायला मात्र जुनेच स्पीकर किंवा ब्लूटूथ हेडफोन राहतात. लॅपटॉपवर लिनक्स ही संगणकप्रणाली असेल तर साउंडच्या पानावर इनपुट आणि आउटपुट असे दोन वेगळे रकाने दिसतात, दोन्हीकडे हवं ते निवडायचं, झालं. हे दोन रकाने सामान्य वापरणाऱ्याच्या हाती यायला पंधराएक वर्षं गेली.

लिनक्स ज्या घराण्यातलं, त्या युनिक्स प्रणालीची जुनी शिकवण अशी, की प्रत्येक यंत्र ही एक फाइल. सन कंपनीच्या १९८९ सालच्या स्पार्कस्टेशन या संगणकावर ‘डेव्ह’ डिरेक्टरीत ‘ऑडिओ’ नावाची एकच फाइल होती. ती वाचली की माइकचा आवाज मिळे, तिच्यात लिहिलं की स्पीकर वाजे. दर्जा टेलिफोनचा, आवाजाची सेकंदाला ८००० मोजमापं, म्हणजे नमुने, पण कल्पना देखणी होती. १९९२ च्या सुमारास फिनलंडच्या हानू साव्होलाइनेन यांनी लिनक्ससाठी साउंड ब्लास्टर या साउंड कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, लिहिला, त्यातून पुढे ओपन साउंड सिस्टिम, म्हणजे ओएसएस, उभी राहिली. तिथेही तीच पद्धत आली, फक्त फाइलचं नाव ‘डीएसपी’.

त्या काळच्या हार्डवेअरला हे शोभून दिसत होतं. माइक आणि स्पीकरच्या पिना एकाच कार्डाच्या मागे, आणि सुरुवातीची साउंड ब्लास्टर कार्डं एका वेळी एकच काम करत: ऐका किंवा वाजवा. दुसरं कार्ड बसवलं तर त्याची वेगळी डीएसपी फाइल तयार व्हायची. प्रोग्रॅमने मनात आणलं तर एक फाइल वाचायला आणि दुसरी लिहायला उघडता येत असे, त्याला कुणाची ना नव्हती. पण बहुतेक प्रोग्रॅममध्ये यंत्राचं नाव लिहायला एकच जागा ठेवलेली असायची. माझ्या मते खरी अडचण कर्नेलपेक्षा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यापेक्षा, या सवयीत होती.

ती मोडायला सुरुवात केली आल्सा या लिनक्सच्या नव्या ध्वनिव्यवस्थेने. चेक प्रोग्रॅमर यारोस्लाव किसेला यांनी ग्राव्हिस अल्ट्रासाउंड कार्डासाठी लिहिलेल्या ड्रायव्हरपासून हा प्रकल्प १९९८ मध्ये वाढवला. २००२ मध्ये तो विकासातल्या कर्नेलमध्ये आला आणि डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नेलबरोबर सगळ्यांपर्यंत पोचला. आल्साने प्रत्येक कार्डाच्या फाइली दिशेनुसार वेगळ्या केल्या: वाजवण्याच्या फाइलीच्या शेवटी ‘पी’, आवाज घेणाऱ्या फाइलीच्या शेवटी ‘सी’. वर ‘असिम’ नावाचा प्लगइन, म्हणजे छोटा जोडप्रोग्रॅम, दिला. होम डिरेक्टरीतल्या असाउंडआरसी या टिंबाने सुरू होणाऱ्या फाइलीत चार-पाच ओळी लिहायच्या, प्लेबॅक या कार्डावर, कॅप्चर त्या कार्डावर, आणि प्रोग्रॅमला मात्र ‘डिफॉल्ट’ नावाचं एकच यंत्र दिसत राहायचं. एकच जागा ठेवणारे जुने प्रोग्रॅमही त्यामुळे निमूट चालू लागले. ही युक्ती मला आजही त्या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत नेटकी वाटते.

पेच पडला यूएसबीमुळे. सिस्टिमच्या लेखी यूएसबी माइक हे एक स्वतंत्र कार्डच असतं, फक्त साध्या माइकला कान असतात, तोंड नसतं. नवीन माइक आणला म्हणून कुणी त्या कार्डालाच डिफॉल्ट केलं की लॅपटॉप मुका व्हायचा. त्यात कार्डांचे क्रमांक ड्रायव्हर ज्या क्रमाने लोड होतील तसे पडत. काल शून्य क्रमांकावर असलेलं कार्ड मशीन पुन्हा सुरू केल्यावर एकवर सापडायचं. म्हणून जाणती माणसं त्या फाइलीत क्रमांकाऐवजी कार्डाचं नाव लिहीत.

फाइल हाताने लिहिण्याची कटकट पल्सऑडिओने संपवली. लेनार्ट पोटरिंग यांचा हा सर्व्हर, म्हणजे प्रोग्रॅम आणि कार्डं यांच्या मधे बसून आवाज वाटणारा प्रोग्रॅम, फेडोरा आणि उबुंटू या लिनक्सच्या अवतारांपैकी २००७ च्या फेडोरा ८ मध्ये आणि २००८ च्या उबुंटू ८.०४ मध्ये डिफॉल्ट झाला. त्याने सुरुवातीला भरपूर शिव्या खाल्ल्या, आणि त्यातल्या बऱ्याच वाजवी होत्या. पण त्याने डेस्कटॉपचा हिशोब कार्डांवरून काढून ‘सोर्स’ आणि ‘सिंक’ यांवर नेला. आवाज येतो तो सोर्स, जातो तो सिंक, दोघांचं डिफॉल्ट वेगवेगळं. एखादा चालू कॉल न तोडता दुसऱ्या माइकवर हलवणंही त्यातूनच सोपं झालं.

ब्लूटूथने तर दोन यंत्रं वेगळी ठेवणं जवळजवळ सक्तीचं केलं. हेडफोन नुसता ऐकायला असतो तेव्हा तो एटूडीपी या चांगल्या दर्जाच्या प्रोफाइलवर चालतो. त्याचाच माइक उघडला की तो कॉलच्या प्रोफाइलवर उतरतो, तिथे जुन्या पद्धतीत सेकंदाला ८००० आणि सुधारित पद्धतीत १६००० नमुने मिळतात. ८००० नमुन्यांत ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच मावत नाही, आणि जवारीची झळाळी वरच्या स्वरांशांतच असते. तेव्हा ऐकायला ब्लूटूथ आणि घ्यायला यूएसबी, हीच जोडी बरी.

बीएसडी या युनिक्सच्याच दुसऱ्या शाखेचे रस्ते निराळे. ओपनबीएसडीने २०१८ च्या ६.४ आवृत्तीपासून रेकॉर्डिंग मुळातच बंद ठेवलं. मुद्दाम चालू करेपर्यंत माइकमधून फक्त शांतता मिळते. फ्रीबीएसडीने ओएसएसची पद्धत सोडली नाही. तिथे हान्स पेटर सेलास्की यांचा व्हर्च्युअल ओएसएस हा प्रोग्रॅम वाजवण्याचं एक आणि घेण्याचं दुसरं यंत्र जोडून एकच डीएसपी फाइल तयार करून देतो.

निवडीचा प्रश्न असा सुटला, तरी घड्याळाचा उरला. प्रत्येक यंत्राचं वेळ मोजणारं स्वतःचं क्रिस्टल असतं. दोन्ही स्वतःला ४८००० नमुन्यांचे म्हणवतात, पण त्यांच्यात दहा लाखांत ५० इतका फरक सहज पडू शकतो. म्हणजे सेकंदाला २.४ नमुने, तासाला ०.१८ सेकंद. साध्या कॉलमध्ये हे कुणाच्या लक्षात येत नाही. स्पीकरवर ठेका लावून तासभराची बैठक यूएसबी माइकवर रेकॉर्ड केली आणि मग ती मूळ ठेक्याशी जुळवायला घेतली, की शेवटाकडे सम चुकलेली दिसते. पॉल डेव्हिस यांच्या जॅक या ध्वनी सर्व्हरने यावर कडक भूमिका घेतली होती: घड्याळ एकच, दुसरं कार्ड हवं तर ते वेगळ्या प्रोग्रॅमने जोडा. असे प्रोग्रॅम नमुन्यांचा वेग सतत किंचित ताणून-आवळून दोन्ही बाजू जुळत्या ठेवतात.

विम टायमन्स यांच्या पाइपवायर या नव्या सर्व्हरने, जो २०२१ च्या फेडोरा ३४ पासून आवाजासाठी डिफॉल्ट झाला, हे काम स्वतःकडे घेतलं. एकत्र जोडलेल्या यंत्रांपैकी एकाला तो चालक नेमतो आणि बाकीच्यांचा वेग त्याच्याशी जुळवून घेतो. चालक सध्या माइक आहे की स्पीकर, हे टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप चालवलं की कळतं. चालकाच्या खाली त्याच्या मागून चालणारी यंत्रं अधिकच्या चिन्हाने दाखवलेली असतात.