ध्येय एक असणे आणि व्यायाम एकच असणे

पावसाळ्यात सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी सुरू झाली की यवतेश्वरच्या घाटात पहाटे धावणाऱ्यांची संख्या वाढते आणि त्याच सुमारास व्यायामशाळेतले कित्येक ओळखीचे चेहरे दिसेनासे होतात. विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘सध्या एकाच ध्येयावर लक्ष आहे.’ एका वेळी एकच ध्येय ठेवावे हा सल्ला योग्यच आहे, परंतु त्याचा अर्थ ‘एकच व्यायाम’ असा लावला जातो, आणि हा घोळ मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा पाहिला आहे की आता तो नीट मांडल्यावाचून राहवत नाही.

एकच व्यायाम म्हणजे काय, हे धावणाऱ्याला सांगायला नको. एकच ध्येय म्हणजे मात्र एक क्षमता वाढवायची आणि बाकीच्या टिकवायच्या. पैलवानाचे लक्ष कुस्तीवर असते म्हणून तालमीतले जोर आणि बैठका कोणी बंद करत नाही. सगळ्या क्षमता एकदम वाढवायला गेल्यास काय होते, हे व्यायामशास्त्राचे संशोधक रॉबर्ट हिक्सन यांच्या 1980 सालच्या दहा आठवड्यांच्या प्रयोगात दिसले : ताकद आणि दमसास या दोन्हींचा कठोर सराव एकत्र करणाऱ्यांची ताकद आधी वाढली, पण शेवटच्या आठवड्यांत ती खुंटली आणि घसरू लागली. नवख्यांना ही अडचण सहसा जाणवत नाही, तेव्हा त्यांनी याची चिंता करू नये.

खरी गफलत होते ती ‘टिकवणे’ या शब्दापाशी. कमावलेली क्षमता टिकवायला ती कमावताना लागलेल्या श्रमांचा थोडासाच भाग पुरतो, मात्र श्रमांचा कोणता भाग कमी करायचा हे कळले पाहिजे. हिक्सन यांच्याच पुढच्या प्रयोगांत सरावाचे दिवस आठवड्याला सहावरून दोनवर आणले तरी तीव्रता तीच ठेवल्यामुळे दमसास पंधरा आठवडे टिकला. तीव्रता उतरवली तेव्हा मात्र तो घसरला. ताकदीचेही तसेच आहे. आठवड्यातून तीन दिवस 60 किलो खांद्यावर घेऊन पाच-पाच वेळांचे पाच सेट स्क्वॉट, म्हणजे वजनासह बैठका, करणाऱ्याने धावण्याच्या हंगामात एकच दिवस ठेवावा, दोनच सेट मारावेत, पण खांद्यावर 60 किलोच असावेत. लोक नेमके उलट करतात : दिवस तेच ठेवतात, वजन 20 किलोवर आणतात आणि वीस-वीस वेळा खाली-वर करून ‘पाय चालू ठेवले आहेत’ असे समाधान मानतात. हलक्या वजनाच्या या लांबलचक सेटांचा मला मनापासून राग आहे, कारण ते धावण्यासाठी हवी असलेली विश्रांतीही खातात आणि ताकदही राखत नाहीत.

याची किंमत घाट चढताना कळत नाही. चढावर दमसास साथ देतो. एका वर्षी मी स्क्वॉट पूर्ण बंद केले होते. परतीच्या उतारावर प्रत्येक पावलाला शरीराचा भार मांड्यांनी अडवावा लागतो, तिथे शेवटचे चार किलोमीटर माझे गुडघे थरथरत होते आणि श्वास मात्र अगदी शांत होता. तेव्हापासून हंगामात बुधवारी, वेगाने धावून झाल्यावर त्याच दिवशी संध्याकाळी, मी ते दोन जड सेट करतो. शनिवारी कधीच नाही, कारण रविवारी लांब पल्ला असतो.