घर हलवताना दणका कुठे जिरवायचा?

हातातला खोका कमरेच्या उंचीवरून, म्हणजे साधारण 80 सेंटीमीटरवरून निसटला, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी 14 किलोमीटरच्या आसपास असतो. आत संगणक असो वा लोकरीचे कपडे, वेग तोच. नुकसान होणार की नाही हे त्यानंतरच्या काही मिलिसेकंदांत ठरतं. तो वेग शून्यावर यायला किती अंतर मिळालं, यावर सगळं अवलंबून असतं.

हिशेब सोपा आहे. पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागलं, की वस्तूला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी किती पट झटका बसला ते कळतं. टणक फरशीवर प्लास्टिकची कड जेमतेम एक मिलिमीटर दबली, तर हा झटका 800 पट, म्हणजे 800 जी. त्याच उंचीवरून पडलेली वस्तू चार सेंटीमीटर दबणाऱ्या अस्तरात थांबली तर फक्त 20 जी. (झटक्याचं शिखर सरासरीच्या दुप्पटही असू शकतं, पण तुलना तीच राहते.) उंचावरून उडी मारताना आपण गुडघे वाकवतो ते याचसाठी. डेस्कटॉप संगणकातली हार्ड डिस्क घ्या. चालू असताना तिला साधारण 70 जीपर्यंतचे अल्पकाळाचे झटके चालतात, बंद असताना 300 जीच्या आसपास, असं उत्पादकांची माहितीपत्रकं सांगतात. फरशीचे 800 जी दोन्ही मर्यादांच्या पार पलीकडचे, आणि अस्तराचे 20 जी दोन्हींच्या आत. या चार सेंटीमीटरांसाठीच सगळं पॅकिंग करायचं असतं.

म्हणून अस्तर मऊ हवं की कडक, या वादाला अर्थ नाही. ते त्या वस्तूच्या वजनाला दबलं पाहिजे, पण पूर्ण चपटं होता कामा नये. हलक्या राउटरखाली थर्माकोलची जाड लादी ठेवली तर ती दबतच नाही, जवळजवळ फरशीसारखीच वागते. उलट जड अँप्लिफायर पातळ फोमवर ठेवला तर फोम आधीच चपटा झालेला असतो, आणि दणका बसतो तेव्हा त्यात दबायला काही उरलेलं नसतं. नव्या वस्तूबरोबर येणारे थर्माकोलचे साचे नेमक्या त्या वजनासाठी आणि नेमक्या त्या जागी आधार देण्यासाठी बनवलेले असतात. माळ्यावर जागा असेल तर मूळ खोका साच्यांसकट जपून ठेवा, बाजारातला कितीही जाड खोका त्याची बरोबरी करत नाही.

बबल रॅपची गोष्ट मजेशीर आहे. 1957 साली न्यू जर्सीत आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान हे दोघे प्लास्टिकचे पडदे एकमेकांना चिकटवून भिंतीला लावायचा उठावदार कागद बनवू पाहत होते. तो काही चालला नाही. पुढे आयबीएमने आपले 1401 संगणक पाठवताना त्यांना हा फुगेदार पडदा गुंडाळला आणि त्याचा खरा उपयोग सापडला. दणक्याचं शास्त्र मात्र त्याआधीच मांडलं गेलं होतं. अभियंते रेमंड माइंडलिन यांनी 1945 साली पॅकिंगच्या अस्तराचं गणित एका प्रदीर्घ शोधनिबंधात मांडलं. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी कल्पना अशी, की वस्तू हा एकसंध गोळा समजायचा नाही. तिच्या आतले नाजूक भागही स्प्रिंगवर टांगल्यासारखे असतात आणि बाहेरचा हादरा त्यांच्यापर्यंत बदललेल्या रूपात पोचतो.

घर हलवणारे नेमकं हेच विसरतात. खोका बाहेरून शाबूत, आत संगणक मेलेला. डेस्कटॉपमधलं मोठं ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डच्या, म्हणजे मुख्य सर्किटच्या पाटीच्या, एका खाचेत आणि मागच्या एकदोन स्क्रूंवर आडवं लटकत असतं, आणि त्याचं वजन किलोभरही असू शकतं. ट्रक रस्त्यावर सतत वरखाली होतो आणि प्रत्येक हेलकाव्याला कार्ड ती खाच पिळतं. कॅबिनेटला बाहेरून कितीही बबल रॅप गुंडाळला तरी हे पिळणं थांबत नाही. कार्ड काढून वेगळं न्यायचं, प्रोसेसर गार ठेवणारा उभा मोठा हीटसिंक असेल तर तोही काढायचा, नाहीतर कॅबिनेट अशा बाजूवर आडवं ठेवायचं, की कार्ड मदरबोर्डवर सरळ उभं राहील. हे कोणी सांगत नाही, म्हणून जरा जोर देऊन सांगतो आहे. आणि संगणक स्लीप मोडमध्ये नव्हे, पूर्ण बंद करून न्यायचा. हार्ड डिस्कमधली वाचणारी सुई फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगते, आणि संगणक बंद झाला की बाजूला जाऊन विसावते. नाजूक असली तरी हार्ड डिस्क पुन्हा विकत मिळते, त्यावरचे फोटो मिळत नाहीत, म्हणून निघण्यापूर्वी त्यांची दुसरी प्रत काढून ठेवा.

टीव्ही उभाच न्यावा असं सगळे म्हणतात, कारण क्वचितच कोणी देतं. पडद्याची काच अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची आणि पॅनेल मुख्यतः कडांवर धरलेलं. पातळ पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे जाडी निम्मी झाली की विरोध आठवा हिस्सा उरतो. टीव्ही आडवा ठेवला की रस्त्याचा प्रत्येक हेलकावा काचेला तिच्या सर्वांत दुबळ्या दिशेने वाकवतो. उभा ठेवला की तोच हेलकावा काचेच्या प्रतलातून जातो, आणि त्या दिशेने ती कितीतरी बळकट असते. उचलताना बोटं चौकटीवर ठेवा, पडद्यावर नकोत. पडद्यासमोर काही ठेवायचंच तर सपाट गादी ठेवा, खुर्चीचा कोपरा नको.

स्थिर विद्युतची भीती मात्र थोडी वाढवून सांगितली जाते. आपल्याला बोटाला चटका जाणवतो तेव्हा सुमारे 3000 व्होल्ट असतात, आणि काही चिप्स 100 व्होल्टच्या आतच बिघडतात, हे खरं. पण बंद कॅबिनेटमधल्या सर्किटपर्यंत हा भार सहसा पोचत नाही. धोका असतो तो सुट्या भागांना: काढलेलं ग्राफिक्स कार्ड, रॅम, उघडी हार्ड डिस्क. त्यांना थर्माकोल किंवा साध्या प्लास्टिकला टेकवू नका. अशा भागांसाठी मिळणाऱ्या चंदेरी-करड्या पिशव्यांत धातूचा पातळ थर असतो आणि तो बाहेरचा भार आत पोचू देत नाही. गुलाबी पिशवी स्वतः भार निर्माण करत नाही, एवढंच. बाहेरच्या भारापासून ती राखण करत नाही.

वॉशिंग मशीनच्या बाबतीत दणका जिरवणारी यंत्रणा आतच असते, आणि प्रवासात तीच घात करते. पुढून कपडे टाकायच्या मशीनमध्ये ड्रमभोवतीची टाकी वरून स्प्रिंगांवर टांगलेली आणि खालून शॉक अॅब्सॉर्बरवर तोललेली असते. ती स्थिर राहावी म्हणून तिला सिमेंटच्या जड विटा बांधलेल्या असतात. कपडे पिळताना हे छान चालतं, पण ट्रकमध्ये हीच टाकी चारही बाजूंनी आदळत जाते. नव्या मशीनच्या पाठीमागून आलेले लांब बोल्ट, ट्रान्झिट बोल्ट, टाकी जागेवर आवळून ठेवण्यासाठीच असतात. बहुतेक घरांत ते पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातात. हरवले असतील तर मॉडेल नंबर सांगून सर्व्हिस सेंटरमधून मागवा. नव्या घरी ते काढल्याशिवाय मशीन सुरू करू नका, नाहीतर टाकीचा सगळा हादरा सरळ सांगाड्याला बसेल आणि मशीन खोलीभर चालू लागेल. निघण्यापूर्वी खालचा फिल्टर उघडून उरलेलं पाणी काढा, नाहीतर मशीन तिरकं केलं की ते सर्किटकडे वाहतं.

फ्रिज आडवा का न्यायचा नाही, तेही त्याच्या पोटात पाहिलं की कळतं. कॉम्प्रेसरच्या बंद कवचात मोटर स्प्रिंगवर बसवलेली असते आणि तळाशी तेल साचलेलं असतं. फ्रिज आडवा केला की मोटर स्प्रिंगवरून एका बाजूला झुकते, आणि वायू परत येतो त्या नळीत तेल शिरतं. लगेच चालू केला तर दट्ट्यासमोर वायूऐवजी तेल येतं. द्रव दबत नाही, त्यामुळे झडप तुटू शकते, आणि तळातलं तेल कमी झालेलं असतंच. अरुंद दारामुळे काही वेळ आडवा करावाच लागला, तर पोचल्यावर निदान तितकाच वेळ उभा ठेवावा, खूप वेळ आडवा होता तर दिवसभर. उभाच आला असेल तरी काही तास थांबलेलं बरं. बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो. मागच्या नळ्यांना धरून फ्रिज उचलणाऱ्याला तिथेच थांबवा.

मायक्रोवेव्हमधली काचेची थाळी काढून वेगळी गुंडाळा. तो उघडायचा मोह मात्र आवरा, कारण आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही धोकादायक भार धरून ठेवू शकतो.

पोचल्यावरची घाईही महागात पडते. बाहेर 30 अंश आणि आर्द्रता 70 टक्के असेल, तर दव 24 अंशांना पडतं. थंडीत किंवा वातानुकूलित गाडीत 15 अंशांपर्यंत गार झालेला टीव्ही अशा हवेत उघडला, की आतल्या सर्किटवरही पाणी जमतं. त्याला प्लास्टिकच्या बंद पिशवीतच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पाणी पिशवीच्या बाहेर जमेल. मोठ्या टीव्हीला यासाठी काही तास लागतात.

राहिल्या बॅटऱ्या. रिमोटमधले सेल काढून टाका. लॅपटॉप आणि पॉवर बँक ट्रकमध्ये न टाकता बरोबर न्या, अर्ध्याच्या आसपास चार्ज करून. पूर्ण भरलेल्या लिथियम बॅटरीत बिघाड झाला तर पेटण्यासाठी जास्त ऊर्जा असते. म्हणूनच सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या विमानाने पाठवताना त्या 30 टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नसाव्यात, हा नियम 2016 पासून आहे. फुगलेली बॅटरी असेल तर ती खोक्यात भरायचीच नाही. निघण्याआधी ती ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.